सगळी काढायची की अर्धी ठेवायची?

हळदीची आवक वाढली की हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डाबाहेर ट्रॅक्टर, टेम्पो आणि पिकअपची रांग लागते. आवक फारच झाली तर रात्र रांगेतच काढावी लागते. पोत्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर माणूस. या रांगेत पाऊसपाण्याच्या आणि लग्नसराईच्या गप्पा होतात, पण त्या फिरून एकाच प्रश्नावर येतात: ‘सगळीच आणली का?’

उत्तर देणारा क्षणभर थांबतो. सगळी आणली म्हणावं तर ऐकणारा मनात म्हणतो, नड दिसते बिचाऱ्याला. अर्धी घरी ठेवली म्हणावं तर ‘तुमचं बरंय’ असा शेरा येतो, आणि त्यात थोडी असूयाही असते. एकही पोतं आणलं नाही असं सांगणारा रांगेत नसतोच. तो घरी पत्र्याच्या शेडमध्ये हळदीच्या थप्पीकडे बघत, मोबाइलवर आजचा भाव काय निघाला ते पाहत बसलेला असतो. आजचा खरा विषय हा रांगेत नसलेला माणूस आहे.

पत्त्यांच्या जगात त्याच्या या बसून राहण्याला नाव आहे. पोकरमध्ये समोरच्या सगळ्या चिप्स एकाच हातावर सरकवल्या की त्याला ‘ऑल-इन’ म्हणतात. आपल्या गावांत पोकर सहसा कोणी खेळत नाही, आपल्याकडे तिर्रट. हा शब्द मराठवाड्याला खेळापेक्षा पोलिसांच्या बातम्यांतून जास्त माहीत आहे. श्रावण लागला की दिवाळीपर्यंत दर आठवड्याला एक तरी बातमी येते: शेतातल्या आखाड्यावर छापा, तिर्रट नावाचा जुगार खेळताना अमुक जण ताब्यात, रोख रक्कम, मोबाइल आणि दुचाकी जप्त, जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ (अ) प्रमाणे गुन्हा. मूळ कायदा १८८७चा आहे. कायद्याला दीडशे वर्षं होत आली तरी बातमीची भाषा बदललेली नाही.

मी पत्त्यांची शिफारस करायला बसलेलो नाही. पण सगळं केव्हा लावावं आणि केव्हा लावू नये, हा प्रश्न पोकर खेळणाऱ्याला एका रात्रीत कितीदा तरी पडतो, म्हणून त्याने त्याचं गणित बसवलं आहे. शेतकऱ्याला तो वर्षातून दोनदा पडतो, एकदा जूनमध्ये लावताना आणि एकदा हळद पॉलिश झाल्यावर विकताना. त्याला गणित सांगायला कोणी बसत नाही. उपदेश करायला मात्र सगळे बसतात.

पोकरच्या त्या गणिताचं पहिलं वाक्य माणसाला जमिनीवर आणणारं आहे. वाटलेल्या पहिल्या दोन पानांत दोन एक्के येणं ही सगळ्यांत चांगली सुरुवात. ती २२१ हातांत सरासरी एकदा येते. असे एक्के घेऊन कुठल्याही अनोळखी हातासमोर सगळं लावलं तरी जिंकण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के भरते. म्हणजे सर्वोत्तम पत्ते हातात असताना सातांत एकदा घरी जायची वेळ येते. असे पाच ऑल-इन लागोपाठ केले, तर पाचही जिंकून टेबलावर टिकण्याची शक्यता ४४ टक्के उरते. दरवेळी निर्णय बरोबर होता, तरीही निम्म्याहून अधिक लोक उठून गेलेले असतात. ‘निर्णय चुकला’ आणि ‘डाव हरला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या गावात त्या कधीच वेगळ्या धरल्या जात नाहीत. जो हरला तो मूर्ख आणि जो जिंकला तो हुशार, असाच निकाल पारावर लागतो.

दुसरा हिशेब किमतीचा. पॉटमध्ये, म्हणजे टेबलावर जमलेल्या रकमेत, ३०० रुपये आहेत आणि समोरच्याने आणखी ३०० टाकले. तुम्हाला डावात राहायला ३०० लागतील. जिंकलात तर हाती ९०० येतील, त्यातले ३०० तुमचेच. म्हणजे तीनांत एकदा जिंकत असाल तरी बरोबरी होते. हातातली आणि टेबलावर उघडलेली मिळून एकाच रंगाची चार पानं आहेत, अजून दोन पानं उघडायची आहेत, आणि त्याच रंगाचं पाचवं पान येण्याची शक्यता साधारण ३५ टक्के आहे. मग राहणं जेमतेम परवडतं. समोरच्याने ३००ऐवजी ६०० टाकले असते, तर तेच पत्ते फेकून द्यायचे. पत्ते चांगले की वाईट याला स्वतंत्र उत्तर नाही. ते पाहायला किती मोजावं लागतंय यावर ते ठरतं.

आता थप्पीकडे येऊ.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या पाच तालुक्यांत सोयाबीन घरोघरी असतं. हळद ज्याला पाणी आहे त्याची. सिद्धेश्वरचा किंवा इसापूरचा कालवा, नाहीतर विहीर-बोअर. एकरी आठ-दहा क्विंटल बेणं, शेणखत, बेड, ठिबक, भांगलण, काढणी, मग कुकरमध्ये शिजवणं, वाळवणं, ढोलात पॉलिश करणं. जूनमध्ये लावलेल्या सेलम जातीच्या हळदीचा पैसा मार्चच्या आधी दिसत नाही. मध्ये करपा, कंदमाशी, कंदकूज. २०२४च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत जो पाऊस कोसळला, त्यात हळदीच्या शेतातून पाणी काढायला वाट राहिली नव्हती. आणि एवढं करून माल घरात आला की कळतं, हळदीला हमीभाव नाही. २०२४मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, वसमतला हळद संशोधन केंद्र आलं, २०२५च्या जानेवारीत निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं. ही सगळी चांगली कामं आहेत, पण यातल्या एकानेही भावाखाली जमीन घातलेली नाही.

त्या भावाने दोन वर्षांत दोन उलटे धडे दिले. २०२३च्या उन्हाळ्यात हळद क्विंटलला सहा-सात हजारांच्या आसपास रेंगाळत होती. लागवड घटल्याच्या आणि पाऊस लांबल्याच्या बातम्या आल्या आणि ऑगस्टपर्यंत तीच हळद दुपटीच्या वर गेली. ज्यांनी एप्रिलमध्ये सगळी काढली होती त्यांनी कपाळावर हात मारला. ज्यांनी ठेवली होती त्यांच्या दारात नवी दुचाकी आली, काहींचा बोअर झाला, आणि गावात एक वाक्य रूढ झालं: ‘हळद काही सडत नाही, ठेवायची.’ पुढच्या वर्षी, २०२४च्या एप्रिल-मेमध्ये, भाव सतरा हजारांकडे झुकला तेव्हा बऱ्याच जणांनी हेच वाक्य लक्षात ठेवलं आणि पंचवीसची वाट बघितली. दिवाळीपर्यंत तो तेराच्या आसपास उतरला. आधीच्या वर्षी सगळी विकणारा चुकला होता, या वर्षी सगळी ठेवणारा चुकला. खरं तर दोघांचं चुकणं एकाच प्रकारचं होतं, दोघांनीही सगळं एका पानावर लावलं होतं. फरक एवढाच की विकणारा टेबलावरून उठून पैसे मोजत घरी गेला होता, आणि ठेवणारा रोज सकाळी नव्याने ऑल-इन करत होता आणि त्याला ते माहीत नव्हतं.

पोकरमध्ये ऑल-इन बोलून दाखवावं लागतं. थप्पीला तोंड नसतं.

म्हणून ‘न विकणं म्हणजे काहीच न करणं’ हा समज मला सगळ्यांत महाग वाटतो. तेरा हजारांच्या भावाने वीस क्विंटल हळद म्हणजे दोन लाख साठ हजार रुपये. कोणी आज हातात तेवढी रोकड ठेवली, तर त्या सगळ्या रकमेची तुम्ही हळद घ्याल का? बहुतेक जण हसून नाही म्हणतील. मग घरातली वीस क्विंटल ठेवणं हा तोच सौदा नाही का? तंतोतंत तोच नाही, हेही खरं. विकताना हमाली, तोलाई, भाडं जातं. घरच्या मालाची प्रत माहीत असते, बाजारातल्या मालाची नसते. पण निम्मा तरी तोच आहे.

इथे दुसरी बाजू मांडली नाही तर हा लेख शहरातल्या माणसाने खेड्याला केलेला उपदेश होईल.

सगळं लावणं हे नेहमी वेडेपण नसतं. पोकरच्या स्पर्धेत प्रत्येक फेरीला काही खेळाडूंना पत्ते न बघता ठरावीक रक्कम टाकावी लागते. तिला ब्लाइंड म्हणतात, आणि ती वाढत जाते. (तिर्रटमध्ये ब्लाइंड म्हणजे पत्ते न उचलता केलेली चाल. शब्द एक, पण तिथे ती मस्ती असते, इथे सक्ती.) ज्याच्याकडे दहा ब्लाइंडच्याही खाली चिप्स उरल्या, त्याला अनुभवी खेळाडू सांगतात: आता थोडं-थोडं खेळू नकोस. बरा हात आला की सगळं सरकव, नाहीतर फेकून दे. एक्क्यांची वाट बघायची म्हटली तर ते २२१ हातांत एकदा येणार, आणि ब्लाइंड त्याआधीच तुला खाऊन टाकतील.

दोन एकरांच्या माणसाचं हेच असतं. बियाणं, खत, पेरणी, व्याज, मुलीची हॉस्टेलची फी. या त्याच्या ब्लाइंड, आणि त्या कोणाच्या विनंतीने थांबत नाहीत. सोयाबीन लावून सुरक्षित राहा असं त्याला सांगितलं जातं. २०२४-२५मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात पुष्कळांच्या पदरात चार-साडेचार हजारच पडले. त्या सुरक्षिततेत तो हळूहळू बुडतो, इतकंच. त्याने एखाद्या वर्षी, पाण्याची खात्री असताना, दोन्ही एकर हळदीखाली घातले तर मी त्याला जुगारी म्हणणार नाही. एका चांगल्या पिकातून बोअर आणि ठिबक झालं, तर पुढची दहा वर्षं त्याचा खेळच बदलतो. थोडं-थोडं लावून तो बदल कधी येणारच नाही.

पण त्याच पोकरमध्ये याला एक जोडवाक्य आहे, आणि ते आपल्याकडे कोणी ऐकत नाही. हे लवकर कर. चिप्स इतक्या कमी होऊ देऊ नकोस की दुप्पट होऊनही उपयोग नाही. आपल्या घरांत नेमकं उलटं घडतं. सोसायटीचं कर्ज थकलं, बँकेचं थकलं, पाहुण्यांकडचं उसनं झालं, दुकानदाराची उधारी वर आली, आणि मग शेवटच्या वर्षी ‘आता काय व्हायचं ते होऊ दे’ म्हणून सगळं लावलं जातं. तेव्हा भाव चांगला मिळाला तरी तो कर्जातच जिरतो. पहिल्या वर्षी शहाणपणाचा ठरला असता तो ऑल-इन पाचव्या वर्षी फक्त उरकून टाकणं असतो.

विरुद्ध बाजूला सगळ्यांत वजनदार मुद्दा हातांच्या संख्येचा आहे. समोरासमोर बसून पोकर खेळणारा तासाला पंचवीसेक हात खेळतो. शेतकरी वर्षाला एक. वयाच्या पंचविशीत शेती अंगावर आली आणि साठीला सुटली, तर आयुष्यात पस्तीस हात झाले. तो खेळाडू पस्तीस हात दीड तासात संपवून चहा प्यायला उठतो. शक्यतांची सरासरी जमून यायला पुष्कळ हात लागतात. ज्याला पुष्कळ हात मिळतात त्याला ८५ टक्के म्हणजे ८५ टक्के. ज्याला पस्तीसच मिळतात, त्यातल्या एकाने घर उठलं तर उरलेले हात खेळायला तो टेबलावर नसतो.

१९५६मध्ये बेल लॅब्समधल्या जॉन केली या शास्त्रज्ञाने हाच प्रश्न सूत्रात मांडला: डाव तुमच्या बाजूचा आहे हे नक्की असताना किती लावायचं? समजा तुम्ही दहांत सहा वेळा जिंकता, आणि लावलं तेवढंच मिळतं. केलीच्या सूत्राप्रमाणे दर वेळी हातातल्या पैशाचा पाचवा हिस्सा लावावा. सगळे लावत राहिलात तर दहा फेऱ्यांनंतर टिकण्याची शक्यता हजारात सहा. डाव तुमच्याच बाजूचा होता, तरी. पाचवा हिस्सा लावणारा मंद गतीने पण वर जातो, आणि हरला की त्याचा पुढचा डाव आपोआप लहान होतो. वीस पोत्यांतली आठ ठेवून बारा विकणाऱ्या आपल्या माणसाने केलीचं नाव ऐकलेलं नसतं. त्याचा हात मात्र त्या सूत्राच्या जवळपास चाललेला असतो, आणि गाव त्याला ‘धीर नाही’ म्हणतं.

हळदीत आणखी एक अडचण आहे, जी पत्त्यांत नाही. पोकरमध्ये माझे पत्ते मलाच दिसतात. भावाचा पत्ता सगळ्यांना एकदमच दिसतो. हिंगोलीत पंधरा हजार निघाले की ते तासाभरात वसमत, नांदेड, सांगली, निजामाबाद, इरोड सगळीकडे कळतं, आणि पुढच्या जूनमध्ये सगळेच बेणं शोधायला निघतात. बेणं महाग होतं, क्षेत्र वाढतं, आणि मार्चनंतर सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो. २०१०च्या सुमारास हळद सोळा हजारांपलीकडे गेली होती. दोन वर्षांत ती चार हजारांच्या आसपास आली. त्या तेजीत ज्यांनी सगळं रान हळदीचं केलं, त्यांचे पत्ते वाईट नव्हते. तेच पत्ते लाखो लोकांच्या हातात होते, एवढंच. म्हणून तेजीच्या वर्षानंतर सगळं लावण्याला माझा विरोध मंदीच्या वर्षानंतर लावण्यापेक्षा जास्त आहे. मन मात्र नेमकं उलटं सांगतं.

आणि समोरच्याला घाबरवण्याचं काय? ऑल-इनची अर्धी ताकद त्यात असते. २००३च्या जागतिक पोकर स्पर्धेत ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसाने अंतिम लढतीत हातात काही नसताना सगळ्या चिप्स सरकवल्या. समोरच्या मुरलेल्या खेळाडूने चांगला हात फेकून दिला. ८६ डॉलरच्या ऑनलाइन प्रवेश-स्पर्धेतून आलेला हा माणूस २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्याची गोष्ट जगभर पसरली आणि तिच्या जोरावर असंख्य लोक टेबलावर येऊन बसले. त्यातल्या हरलेल्यांची गोष्ट कोणी छापली नाही.

यार्डात ही खेळी चालत नाही, कारण शेतकऱ्याचे पत्ते उघडे असतात. ट्रॅक्टरचं भाडं चालू आहे, रात्र रांगेत गेली आहे, पोती उतरली आहेत, परत न्यायची तर पुन्हा हमाली आणि पुन्हा भाडं. हे बोली लावणाऱ्याला दिसत असतं. ‘नाही द्यायची’ असं म्हणणाऱ्याच्या आवाजात किती दम आहे, ते तो ट्रॅक्टर भाड्याचा की घरचा यावरून ओळखतो. थांबण्याची ऐपत असणारा वेगळाच गडी. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत पेवं होती. त्यांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेवात माल घालून बसणाऱ्याला घाई नव्हती, म्हणून भाव त्याच्याकडे चालत यायचा. २००५च्या महापुरात कृष्णेचं पाणी त्या पेवांत शिरलं, तेव्हा थांबण्याची ऐपतही शेवटी नदीच्या काठावरच असते, हे कळलं.

मग थांबायचंच असेल तर काय भावाने थांबतो आहोत, हे तरी कागदावर यावं. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१पासून आहे. हळद गोदामात ठेवली की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, १८० दिवसांसाठी, सहा टक्के व्याजाने. बाजार समिती ती राबवत असेल आणि गोदामात जागा असेल तर. मघाचीच वीस क्विंटल घेऊ. दोन लाख साठ हजारांवर एक लाख पंचाण्णव हजार मिळाले. सहा महिन्यांचं व्याज ५,८५० रुपये. आता तेवढीच रक्कम एखाद्याने खासगीत महिना तीन टक्क्यांनी घेतलेली आहे, आणि हळद न विकता तो ती फिरवतो आहे. त्याचं व्याज एका महिन्याला ५,८५० रुपये, सहा महिन्यांत ३५,१००. पहिल्याला भाव क्विंटलमागे तीनशे रुपये चढला तरी थांबल्याचं व्याज सुटलं. दुसऱ्याला १,७५५ रुपये चढावा लागेल, तेव्हा तो जिथे होता तिथे येईल. हळद तीच आणि बाजारही तोच, तरी एकाला पान स्वस्तात बघायला मिळतंय आणि दुसऱ्याला महागात. वर पॉटच्या हिशेबात सांगितलं ते हेच. पहिल्याने थांबावं, निदान थोड्या मालावर. दुसऱ्याने आज विकावं आणि देणं मिटवावं, मग उद्या भाव वीस हजार झाला तरी डोळ्यांत पाणी आणू नये. पीककर्जाचंही तसंच. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही. पाचशे रुपये जास्त मिळावेत म्हणून ती मुदत हुकवणारे मी पाहिले आहेत.

योजनेची बाजू घेताना तिचं खोटं कौतुक नको. तारण ठेवल्याने रोकड मिळते, भाव पडण्याची जोखीम तिथेच राहते. मुदत संपली आणि भाव खाली असला, तर कर्ज फेडायचंच आहे.

या सगळ्याच्या तळाशी पोकरचा एक साधा नियम आहे, जो तिर्रटच्या फडात नसतो. हात सुरू झाल्यावर टेबलावर जेवढं आहे तेवढंच लावता येतं. खिशातून नवे पैसे काढायचे नाहीत, घड्याळ उतरवून ठेवायचं नाही, गाडीची चावी टाकायची नाही. सगळं हरलात तरी टेबलावरचं हरता. धर्मराजाच्या द्यूतात हा नियम असता तर महाभारत सभापर्वातच आटोपलं असतं. धन गेलं, राज्य गेलं, तिथे डाव संपायला हवा होता. तो भावांवर गेला, स्वतःवर गेला, आणि मग द्रौपदीवर. तिने सभेला विचारलेला प्रश्न आजही कोरा आहे: आधी स्वतःला हरलेल्या माणसाला दुसऱ्या कोणाला पणाला लावायचा हक्क उरतो का? आपल्याकडे सातबारावर नाव एकाचं असतं. पण डावावर तिचं मंगळसूत्र असतं, मुलीचं शिक्षण असतं, भावाची जामीनकी असते. शेतकरी नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकांच्या नावे जमीन करायला सांगितलं, त्यामागे समतेचा विचार होताच. मला त्यात टेबलाची कड आखण्याचा शहाणपणाही दिसतो. तिच्या नावावरचं एक एकर डावाबाहेर.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. फासे त्याचं घर कसं खातात ते तो सांगतो, आणि शेवटाकडे त्याला सल्ला मिळतो की हे सोड आणि शेती कर. मराठवाड्यात हे सूक्त वाचताना हसू आवरत नाही. अलीकडे तर गंमत पूर्ण झाली. २०२५च्या जुलैत राज्याच्या कृषिमंत्र्यांवरच सभागृहात मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला, पण महिनाअखेरीस खातं बदललं. पुढच्याच महिन्यात संसदेने पैशावरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा न्यायालयांतला जुना वाद त्याने बाजूला ठेवला. पैसा लावला की बंद. मोबाइलवरचा पोकर आणि रमी गेली हे बरं झालं. त्याच मोबाइलवर रोज सकाळी येणारा भाव राहिला.

मग सगळं केव्हा लावावं? माझं मत अर्ध्या-अर्ध्याच्या बाजूचं आहे असं वाटत असेल तर ते थोडं दुरुस्त करतो. अर्धं हा आकडा पवित्र नाही. आधी डावाबाहेरचं वेगळं काढावं: फेडायचं कर्ज, येत्या जूनचं बियाणं-खत, दिवाळीपर्यंतचं घर, दवाखान्याला हात राखून. तेवढी हळद भाव कसाही असो, विकावी. उरेल तेवढ्याच चिप्स. त्या दोन पोती असतील तर दोन, पंधरा असतील तर पंधरा. त्या सगळ्या ठेवल्या तरी माझी हरकत नाही. ज्याच्याकडे काहीच उरत नाही त्याने थांबण्याचं धाडस दाखवू नये, आणि त्याला ‘धीर नाही’ म्हणणाऱ्यांनी त्याचं व्याज भरावं. जूनमध्ये रान लावताना मात्र उलट्या बाजूनेही बोलेन. ज्याचं पाणी पक्कं आहे, देणं अजून आवाक्यात आहे, आणि बाजार मंदीत आहे, त्याने घाबरून कोपऱ्यात दहा गुंठे लावू नयेत.

यार्डाचं फाटक उघडतं, रांग हलते. पोती उतरतात, ढीग लागतो. खरेदीदार एक हळकुंड उचलून मोडतो, आतला रंग बघतो, पुढे होतो. बोली चढते, एका आकड्यावर अडते. शेतकऱ्याला मान हलवायला फार वेळ नसतो. तो हलवतो. काटा होतो, पट्टी हातात येते, आणि तो बाजूला होऊन घरी फोन लावतो. ‘बाराच काढली. आठ राहू दे. पत्रा गळतो तिथली पोती सरकवून ठेव, आभाळ आलंय.’